अजिंठ्याचा टी-पॉइंट: गाडी थांबते तिथे गल्ला

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याला लागायचं, सिल्लोड मागे टाकायचं, अजिंठ्याचा घाट उतरायचा, की फर्दापूरच्या अलीकडे एक फाटा लागतो. त्याला सगळे टी-पॉइंट म्हणतात. लेणी इथून चार किलोमीटर आत, वाघोरा नदीच्या वळणावर. पण आपली गाडी फाट्यावरच ठेवावी लागते. पुढे जायचं ते तिकीट काढून, एसटीच्या बसने. या शतकाच्या सुरुवातीपासून हेच चालत आलं आहे, त्यामुळे आज तिथे येणाऱ्याला ते डोंगरासारखंच कायमचं वाटतं.

त्याआधी गाड्या थेट लेण्यांच्या पायथ्याशी जायच्या. चहाच्या टपऱ्या, नारळ, फोटोंची पुस्तकं, स्फटिकाचे दगड विकणारे, सगळा बाजार तिथेच भरायचा. गाड्या अडवल्या तेव्हा हा बाजारही उचलून टी-पॉइंटला बांधलेल्या दुकानांच्या संकुलात आणला गेला. वाहतुकीच्या एका निर्णयाने किती जणांच्या पोटाची जागा बदलली आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यातून काय काय निघालं, ते इथे मांडतो. मराठवाड्यातल्या देवस्थानांच्या आणि किल्ल्यांच्या गावांत आता असेच आराखडे येत आहेत. ६ मे २०२५ रोजी चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजापूरसाठी १,८६५ कोटी आणि माहूरसाठी ८२९ कोटी रुपये मंजूर झाले. तिथल्या दुकानदारांनी अजिंठ्याचं प्रकरण वाचायला हवं, असं माझं मत आहे.

एक खुलासा. पुढे ‘गाळेवाले काका’ येतात ते कोणी एक माणूस नाहीत. अनेकांच्या बोलण्यातून मी त्यांना उभं केलं आहे, म्हणून नाव नाही आणि गाळा नंबरही नाही.

आधी नियमाची बाजू, कारण ती लंगडी नाही. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. धूर, धूळ, दमट हवा आणि माणसांचा श्वास, सगळंच त्यांना मारक. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले. १९९२ मध्ये जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाचा पहिला टप्पा आला, सुमारे ३७४ कोटी येनचा. दुसरा २००३ मध्ये, सुमारे ७३३ कोटी येनचा. त्यात रस्ते होते, विमानतळ होता, पाणीपुरवठा होता, झाडं लावणं होतं. गाड्यांचा धूर दरीत जाऊ नये म्हणून वाहनतळ चार किलोमीटर मागे आणणं हा त्याच विचाराचा भाग. चित्रांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. आज पायथ्याशी उभं राहिलं तर हॉर्न ऐकू येत नाही आणि पावसाळ्यात नदीचा आवाज येतो. हे त्या नियमाचंच देणं आहे.

आता हे चार किलोमीटर कायद्यातून आले का? नाही. संरक्षित स्मारकाभोवतीचं कायद्याचं अंतर वेगळं आहे. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली १९९२ च्या अधिसूचनेने आणि मग २०१० च्या दुरुस्तीने ठरवलेलं. स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन. म्हणजे झाला हिशेब ३०० मीटरचा. या कायद्याने दौलताबादपासून औंढा नागनाथपर्यंत अनेकांच्या घरदुरुस्त्या अडलेल्या आहेत, त्यावर लोक बोलतात, निवेदनं देतात, कोर्टात जातात. टी-पॉइंटचे चार किलोमीटर मात्र प्रशासकीय सोयीचे आहेत. फाटा तिथे होता, सपाट जागा तिथे होती, म्हणून रेघ तिथे पडली. असली रेघ फाट्याच्या अंतरावर ठरते आणि माणसांचे धंदे त्या रेघेवर. छोट्या धंदेवाल्याचं नशीब दुकानाच्या परवान्यापेक्षा वाहतुकीच्या कागदावर जास्त अवलंबून असतं, आणि त्या कागदावर त्याची सही कुठेच लागत नाही. ज्याच्या गावचा एसटी स्टँड गावाबाहेर गेला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता संकुलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

पायथ्याशी बाजार होता तेव्हा गिऱ्हाईक लेणी बघून खाली यायचं. दमलेलं, तहानलेलं, निवांत. एखादा दगड हातात घ्यायचं, घासाघीस व्हायची. संकुलात आल्यावर येणारा माणूस दुकानांसमोरून दोनदा जातो. जाताना त्याला बस पकडायची घाई असते. येताना ऊन लागलेलं असतं, मुलं कावलेली असतात आणि ड्रायव्हर गाडीत वाट बघत बसलेला असतो. थांबण्याची वेळच त्याच्याकडे उरत नाही. त्यात दुकानं एका साच्याची, गाळे एका मापाचे, माल जवळपास सारखा. पायथ्याच्या बाजारात एखाद्याची जागा झाडाखाली होती, एखाद्याचा चहा चांगला होता, एखादा पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी बसायचा. हे फरक गाळ्यांच्या रांगेत पुसले गेले. उरला एकच फरक: तुमचा गाळा वाटेच्या तोंडाशी आहे की मागे.

मागचा गाळा ज्याच्या वाट्याला आला त्याने काय करावं? तो पुढे आला. वाहनतळावर आला. मग पुढे आलेल्याच्या पुढे दुसरा आला, आणि आता गाडी फाट्याला वळते न वळते तोच दारापाशी माणूस उभा असतो. “साहेब, नमस्कार. लेणी बघा आरामात, काही घाई नाही. येतानी फक्त माझ्या दुकानावर या. नाव लक्षात ठेवा, नंबर लक्षात ठेवा. येणार ना? शब्द द्या.” हातात एक छोटा चकचकीत दगड ठेवतो, पैसे घेत नाही. अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं आहे, आणि परदेशी पाहुण्यांच्या लिखाणात तर लेण्यांइतकंच याचं वर्णन सापडतं, बहुतेक वैतागून केलेलं.

लोक याला ‘फेरीवाल्यांचा त्रास’ म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. तो माणूस दगड विकत नाहीये, तो परतीच्या पाच मिनिटांचं आगाऊ आरक्षण करतोय. गिऱ्हाइकाची परतीची वेळ तुटपुंजी आहे आणि दुकानं सगळी सारखी आहेत, अशा जागी शब्द घेऊन ठेवणं हाच एक उपाय उरतो. फुकटचा दगड म्हणजे विसार. गाळ्यांची रांग आखणाऱ्याने हा माणूस घडवला. पायथ्याशी त्याला याची गरज पडली नसती असं मी म्हणणार नाही, तिथेही मागे लागणारे होतेच. पण गाडीच्या दारापर्यंत पोचलेली ही चढाओढ संकुलाच्या नकाशातून आलेली आहे.

मग त्यावर तक्रारी होतात. अधूनमधून बंदोबस्त येतो, वाहनतळावर विक्रेत्यांना मनाई होते, चार दिवस सामसूम, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. काका म्हणतात, “पोलिसाला मी विचारतो, भाऊ, मला पुढचा गाळा द्या, मी इथं उभा राहत नाही. तो म्हणतो, ते माझ्या हातात नाही काका.” दोघंही खरं बोलतात. शिस्त लावणारं खातं एक आणि जागा वाटणारं दुसरं असलं की प्रश्न कायम दोघांच्या मध्ये पडून राहतो.

गाळे ज्यांना मिळाले नाहीत त्यांची गोष्ट आणखी वेगळी. डोक्यावर पाटी घेऊन, खांद्याला झोळी लावून विकणारे, काकड्या-पेरू विकणाऱ्या बाया, टोप्या आणि पुस्तकं विकणारी पोरं. शहरात असते तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा यांना आधार होता. त्या कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. अंमलबजावणी कशी होते ते सोडा, पण निदान हाती धरायला कागद आहे. हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्यासाठी. फर्दापूरला ग्रामपंचायत आहे. म्हणजे जगाच्या नकाशावर असलेल्या या ठिकाणी पाटी घेऊन उभी असलेली बाई कायद्याच्या भाषेत पथविक्रेतीसुद्धा नाही. ती फक्त अडथळा आहे.

मराठवाड्यातली बहुतेक पर्यटनाची आणि यात्रेची ठिकाणं अशीच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत. वेरूळ, दौलताबाद, पितळखोऱ्याच्या वाटेवरची गावं. गर्दी शहराची आणि कायदा खेड्याचा. या एका पोकळीवर खरं तर वेगळं लिहायला हवं.

आता माल. टी-पॉइंटची ओळख म्हणजे दगड. दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात, त्यात हजारो-लाखो वर्षांत स्फटिक वाढतात. विहीर खणताना, खदानीत सुरुंग लावताना ते बाहेर येतात. पांढरे, हिरवट, जांभळे. बाहेरून ओबडधोबड गोटा आणि फोडला की आत लखलखाट. जळगाव-सिल्लोडच्या पट्ट्यात निघणारे हे दगड जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. हा माल खरोखर इथल्या मातीतला, आणि विकणारे इथल्याच शेतकरी घरांतले. सोयाबीन, मका, कापूस यातून हंगामाला जे येईल ते, आणि दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लेण्यांवर. पावसाळ्यात सप्तकुंडाचा धबधबा बघायला गर्दी होते, तेव्हा मात्र शेतात कामाची घाई. मग घरातला एक गाळ्यावर, बाकीचे रानात.

पण गाळ्यांवर आज नीट बघितलं तर गारगोट्यांच्या शेजारी अकीकाच्या माळा आहेत, गोरा म्हणजे मऊ सोपस्टोन दगडाचे हत्ती आहेत, बुद्धाच्या साच्यातल्या मूर्ती आहेत, की-चेन आहेत. हे आग्र्यातही मिळतं, गोव्यातही मिळतं. असं का झालं, यावर काकांचं उत्तर सरळ आहे. चांगला स्फटिक विकायला वेळ लागतो. त्याची ओळख करून द्यावी लागते, उन्हात धरून दाखवावा लागतो, घासाघीस करावी लागते. बस लागलेली असताना की-चेनच विकली जाते. शाळेच्या सहली येतात तेव्हा तर प्रश्नच नाही. एसटीतून उतरलेल्या साठ पोरांच्या खिशात प्रत्येकी वीस-पन्नास रुपये, बाई मागून ओरडतायत “चला, चला, रांगेत”. त्या गर्दीत दगडाचा गुणधर्म कोण सांगणार? बाजाराचा स्वभाव गिऱ्हाइकाच्या मिनिटांवर ठरतो, आणि मिनिटं बसच्या फेऱ्यांनी ठरवली.

यावर एक उतारा होता. टी-पॉइंटजवळ मोठं पर्यटक केंद्र बांधलं गेलं. आत लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती. खऱ्या लेण्यांवरचा भार कमी व्हावा, माणसाने आधी इथे समजून घ्यावं आणि मग वर जावं, ही कल्पना. व्यापाराच्या बाजूनेही ती सोन्यासारखी होती, कारण माणूस टी-पॉइंटला दोन तास थांबला असता. पण पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. कोट्यवधींची इमारत बिलापायी बंद राहते, हे आपल्याकडे नवं नाही. इथे सांगायचं एवढंच की ती बंद पडल्याचं नुकसान पर्यटन खात्याच्या हिशेबात मोजलं जातं, शेजारच्या गाळ्यांच्या हिशेबात कोणी मोजत नाही.

एकाच दारावर अवलंबून राहणं म्हणजे काय, ते करोनात कळलं. १७ मार्च २०२० पासून केंद्राच्या ताब्यातली स्मारकं बंद झाली. अजिंठा-वेरूळ पुन्हा उघडले ते १० डिसेंबरला. त्या काळात फर्दापूर गावातलं किराणा दुकान कसंबसं चाललं, हमरस्त्यावरचे ढाबे टाळेबंदी सैल होताच सुरू झाले, कारण ट्रक वाहत होते. संकुलाला मात्र दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. फाट्यावरून आत जाणारा माणूस लेण्यांसाठीच जातो, गावकरी तिथे साखर घ्यायला जात नाही. संकुल रस्त्याला लागून असतं आणि निम्मे गाळे रस्त्याकडे तोंड करून असते तर? काका यावर नुसते हसले. त्यानंतर संभाजीनगर-जळगाव रस्त्याचं रुंदीकरण, जे आधीपासून रखडलं होतं, तेही याच लोकांच्या मुळावर आलं. खोदलेला रस्ता, धूळ, तीन तासांचा प्रवास पाच तासांवर. वैतागलेले पर्यटक वेरूळ बघूनच मागे फिरायचे.

वेरूळशी तुलना होतेच, म्हणून थोडक्यात. तिथे गाड्या लेण्यांच्या फाटकाजवळ जातात, घृष्णेश्वराचं देऊळ जवळ, गाव जवळ. भाविक, पर्यटक आणि गावकरी एकाच बाजारात मिसळतात. लेणी मंगळवारी बंद असली तरी देवळामुळे बाजार जिवंत राहतो. अजिंठ्याला सोमवारी लेणी बंद, की संकुल ओस. वेरूळची गर्दी आणि गोंगाट मला आवडत नाही, पण तिथल्या पेढेवाल्याचा धंदा एका बसच्या वेळापत्रकाला बांधलेला नाही.

राहिलं खुद्द अजिंठा गाव. लेण्यांना नाव याचं आणि पर्यटक इथे फारसा उतरतच नाही. घाटाच्या वर, तटबंदीचं, वेशींचं गाव. जुनी सराई आहे. लेण्यांच्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल इथेच राहिला, त्याची प्रेयसी पारो हिची कबर इथेच. फर्दापूरलाही मुघलकालीन सराई आहे. म्हणजे बुऱ्हाणपूरच्या जुन्या वाटेवर ही दोन्ही मुक्कामाचीच गावं. घाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर माणूस आणि जनावर थांबायचं, म्हणून त्यांच्या पेठा वाढल्या. टी-पॉइंटने तो थांबा दोघांकडूनही काढून मोकळ्या माळावर नेला. अजिंठ्यात वेशीजवळचा चहावाला लेणी बघायला आलेल्याची वाट बघत नाही, त्याचं गिऱ्हाईक आठवडी बाजाराचं. त्यामुळे गाव आपल्या जुन्या चेहऱ्याने राहिलं, पण वेशी ढासळतात तेव्हा त्या सांभाळण्यात कोणाचा फायदाही गुंतलेला नाही. गावाचं रूप जपलं जावं असं आपण म्हणतो, पण ज्या वेशीतून पैसा आत येत नाही ती वेस दुरुस्त करायला गावकरी वर्गणी का काढेल?

माझा आक्षेप गाड्या अडवण्याला नाही. त्या अडवायलाच हव्या होत्या. पण गाडी अडवण्याचा निर्णय झाला तेव्हाच आणखी काही गोष्टी ठरवता आल्या असत्या. पायथ्याशी विकणाऱ्या प्रत्येकाची, पाटीवालीसकट, यादी करायला हवी होती. गाळे चिठ्ठ्या टाकून द्यायचे आणि दर काही वर्षांनी पुढचे-मागचे फिरवायचे, म्हणजे वाहनतळावरची धावपळ निम्मी तिथेच संपली असती. येताना बस संकुलाच्या एका टोकाला आणि जाताना दुसऱ्या टोकाला, एवढा साधा फरकही मागच्या रांगेला जगवतो. आणि काही गाळे हमरस्त्याकडे. यातल्या एकाही गोष्टीला कर्ज लागत नव्हतं की कायदा बदलावा लागत नव्हता. तुळजापूरचं दर्शन कोणत्या बाजूने आत आणि कोणत्या बाजूने बाहेर, हे ठरताना महाद्वारासमोरच्या कवड्यांची माळ आणि परडी विकणाऱ्यांनी याच गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. रस्ता रुंद किती होतो यावर भांडण्यात जेवढी ताकद जाते, तेवढी रांगेचं तोंड कुठे उघडतं यावर गेली तर जास्त हाती लागेल.

अजिंठ्याला पुढचा बदल दारात उभा आहे. रोपवेची चर्चा अनेक वर्षं अधूनमधून उठते. दरीच्या वरच्या बाजूला व्ह्यू-पॉइंट आहे, अजिंठा गावाच्या अंगाला. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला लेणी दिसली ती त्या बाजूनेच. उद्या पर्यटक वरून येऊ लागला तर अजिंठा गावाला कदाचित त्याचा हक्काचा थांबा परत मिळेल आणि टी-पॉइंटच्या गाळ्यांची गत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पायथ्याच्या बाजारासारखी होईल. गाळेधारकाकडे गाळ्याचा करार असतो. त्याच्यासमोरून किती माणसं जातील याचा करार कोणाकडेच नसतो. काकांचा पुतण्या सध्या वरच्या रस्त्याला जागा बघतोय. रोपवेचं स्टेशन कुठे येणार, येणार की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो ऑनलाइन सातबारे काढतो आणि अलीकडे कोणत्या गटात कोणाचं नाव चढलं, त्यावरून अंदाज बांधतो.